बाहेरून लावलेली कडी

१

पीटरबाबांची आरोळी आली तेव्हा डॉक्टर यशोधरा अंगणात एका काळ्या बोकडाचे खूर तपासत होती. सत्तरी गाठलेला, एरवी खालच्या पट्टीत बोलणारा माणूस असा ओरडतो, तेव्हा काय झालं ते विचारत बसायचं नसतं. हातातलं दावं टाकून ती धावली.

बंगल्याच्या मागच्या अंगाला मिशनच्या काळातली धान्याची कोठी होती. दोन-तीन पायऱ्या उतरून आत जावं लागे, कारण तिची जमीन ओसरीपेक्षा चांगलीच खोल होती. एकच जाड दार, आणि मागच्या भिंतीत वर एक झरोका. दार आता सताड उघडं होतं. पीटरबाबा उंबऱ्याशी उभे होते. त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून त्यांची दहा वर्षांची नात जेनिफर मागे उभी होती.

"कडी लावल्याली हुती बाहीरनं," पीटरबाबा म्हणाले. "मी काढली. अन् साहेब बघा तिथं पडल्यात."

आत जिकडं तिकडं खेळणी होती. फळ्यांवर, जमिनीवर, छताला टांगलेली. मान वळवणाऱ्या बाहुल्या, कान तुटलेले लाकडी घोडे, कापडी माकडं, चावी दिली की ताशा वाजवणारं एक अस्वल. एका स्टँडवरचा चपटा दिवा त्या सगळ्यांच्या काचेच्या डोळ्यांवर पांढराफेक उजेड टाकत होता. आणि त्या खेळण्यांच्या मधोमध, जमिनीवर उताणा, सिनेमाचा दिग्दर्शक राधाकृष्ण पडला होता.

दिवा डोळ्यांवर येत होता. यशोधरानं तो हातानं धरून बाजूला वळवला, गुडघ्यांवर बसली आणि त्याच्या मानेला बोटं लावली. ती गुरांची डॉक्टर. पण गेलेला जीव माणसाचा असो की म्हशीचा, बोटांना तो कळतोच. नाडी नव्हती. अंग नुसतं गार नव्हतं, विहिरीतून काढल्यासारखं गार होतं. नाश्ता करून उठून त्याला अजून फार वेळ झाला नव्हता. डोळ्यांवर चष्मा जागच्या जागी. दोन्ही हात छातीवर, आणि बोटं चौकट धरल्यासारखी अर्धवट वळलेली. दृश्य कसं दिसेल ते बघताना तो नेहमी तशीच बोटं धरायचा म्हणे.

तिनं त्याची छाती दाबायला सुरुवात केली आणि तिच्याच डोळ्यांपुढं अंधारी आली. भिंत आपल्याकडं झुकतेय असं वाटलं. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नाही, म्हणून असेल, असं मनाशी म्हणत ती कशीबशी उठली आणि दाराशी आली. तोवर कॅमेरामन करण आणि साहाय्यक दिग्दर्शिका दीपा धावत आले होते. करणच्या उजव्या हाताला रुमाल गुंडाळलेला होता. लाईटला हात भाजला म्हणाला. एका हातानं त्यानं आणि दोन्ही हातांनी पीटरबाबांनी राधाकृष्णला ओढून ओसरीवर आणलं. तिथं यशोधरानं पुन्हा छाती दाबली, दंडातलं बळ संपेपर्यंत दाबली. काही उपयोग झाला नाही.

तिनं मान हलवली. स्वयंपाकाच्या लंकाबाई दारातून बघत होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि हळूच म्हणाल्या, "सांगत हुते मी. त्या बाव्हल्यांच्या वाटंला जाऊ नगा."

२

सिनेमा होता भुताळ्या खेळण्यांचा. एका बंद वसतिगृहात कधीकाळी मेलेल्या मुलांची खेळणी राहतात, आणि नव्यानं राहायला आलेल्या एका मुलीला ती खोलीत कोंडतात, अशी त्याची गोष्ट. त्यासाठी राहुरीच्या खालच्या अंगाला, मुळा नदीच्या वळणातल्या टेकाडावरचा हा बंगला भाड्यानं घेतला होता. पीटरबाबा तिथले राखणदार आणि पेशानं सुतार. निम्मी खेळणी त्यांच्याच हातची होती. नातीचा चेहरा राधाकृष्णला आवडला आणि तिलाच त्यानं नायिका केलं. तिचे आईबाप पुण्याला नोकरीला, सुटीला येऊन जाऊन असत.

यशोधरा बेलापूरची. एका दृश्यात बोकड होता, आणि जनावर असलं की गुरांचा डॉक्टर हजर लागतो, म्हणून ती सकाळी जीप घेऊन आली होती, मागं फेरीच्या कामाचा मोठा कॅन तसाच ठेवून. फरशी पूल ओलांडताना पाणी दगडांना टेकलं होतं. परतीच्या पावसानं धरण काठोकाठ भरलेलं, त्यात वरून दारं उचलली. ती बंगल्यावर पोचते न पोचते तोच पूल पाण्याखाली गेला. बाकीची मंडळी राहुरीच्या लॉजवर होती, ती पलीकडंच अडकली. टेकाडाच्या तिन्ही बाजूंना नदी आणि चौथ्या बाजूला वस्तीच्या ओढ्याला आलेला फुगवटा. जायला वाट अशी उरलीच नाही.

तिनं राहुरीला पोलिसांना फोन लावला. निरीक्षकांनी सगळं ऐकून घेतलं. या ओढीत होडी घालता येणार नाही, पाणी ओसरलं की आम्ही निघतोच, म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "मॅडम, तिथं सरकारी माणूस म्हणजे तुम्हीच. त्या खोलीतलं काही हलू देऊ नका. आणि कडी बाहेरून होती, हे ध्यानात ठेवा."

ध्यानात ठेवायला सांगायची गरज नव्हती. माणूस आत आणि कडी बाहेर. म्हणजे ती लावणारा हात या टेकाडावरच होता, आणि तिच्यासारखाच पाण्यानं वेढलेला होता.

ती एकेकाशी बोलली. लंकाबाई चुलीपाशी होत्या. स्वयंपाकघराचं दार अंगणात उघडत असल्यानं यशोधराला त्या सगळा वेळ समोरच दिसत होत्या. करण गच्चीवर होता. पुराचं चित्रण करत होतो, म्हणाला. दीपा ओसरीवर बसून दुपारच्या दृश्याची तयारी करत होती. आपण कडीला हात लावला नाही, असं तिनं न विचारताच सांगितलं. पीटरबाबा सुतारकामाच्या पडवीत होते. लाकडी घोड्याचा कान चिकटवायचा होता, तो घोडा आणायला ते कोठीकडं गेले आणि त्यांनी कडी काढली.

"दार उघडलं तवा पायाला गार लागलं," ते म्हणाले. "थंडीच्या दिसात पहाटं नदीवर जावं तसं. प्रभूची शप्पत, खोटं न्हाई सांगत."

यशोधरानं विचारलं, साहेबांवर कुणाचा राग होता का. म्हाताऱ्याकडून हळूहळू सगळं बाहेर आलं. परवा दुपारी ते राहुरीला खिळे आणायला गेले असताना राधाकृष्णनं जेनिफरला त्या खोलीत घातलं, दिवा घालवला आणि बाहेरून दार लावलं. खोटी भीती पडद्यावर कळते, त्याला खरी हवी होती. लपवलेला कॅमेरा चालू होता. पोरगी किंचाळली, दार बडवलं, मग गप्प झाली. तेव्हापासून ती गप्पच होती. आणि आज नाश्त्याला राधाकृष्णनं जाहीर केलं होतं, की परवाचं चित्रण अंधारलंय, दुपारी तेच पुन्हा करायचं. पीटरबाबा नातीला घेऊन निघाले होते. नदीपर्यंत गेले आणि माघारी आले.

"बोकडासाठी सरकारनं डाक्टर धाडला," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, नुसता थकवा होता. "पोरीसाठी कुनी न्हाई."

नाश्त्याच्या वेळी यशोधराही तिथंच होती. ते वाक्य तिनंही ऐकलं होतं आणि चहा संपवला होता.

३

खोली जशीच्या तशी ठेवायची होती. पण बघायला हरकत नव्हती. दार तासभर उघडं राहिल्यावर ती पुन्हा आत गेली. या वेळी चक्कर आली नाही.

राधाकृष्णच्या चष्म्यावर, हातांवर, नखांत कसलीच खूण नव्हती, हे तिनं आधीच पाहिलं होतं. आता दार पाहिलं. आतल्या बाजूला खाली, लहान मुलाच्या उंचीवर, ओरखडे होते. ते परवाचे. त्यांच्यावर, मोठ्या माणसाच्या उंचीवर, एकही नव्हता. कोंडलेला माणूस दार वाजवतो, हाका मारतो. हा दारापर्यंत आलाच नव्हता.

झरोक्याखाली एक पत्र्याचा पसरट ट्रे ठेवला होता, कोरडा ठणठणीत. शेजारी जमिनीवर एक कंदील. दीपानं तो दृश्यासाठी पेटवून ठेवला होता, असं तिनंच सांगितलं होतं. तो विझला होता. यशोधरानं हलवून पाहिला, रॉकेल डचमळलं. वात चांगली होती, आणि बंद खोलीत वारा कुठून येणार.

ट्रेजवळच एक बाहुली पडली होती. तिचा प्लॅस्टिकचा गाल कपाळापासून हनुवटीपर्यंत तडकला होता. आणि तिच्या बाजूला लाल तुकडे विखुरले होते, फुटलेल्या काचेच्या बरणीसारखे, टोकदार कडांचे. यशोधरा वाकली आणि एक तुकडा तिनं चिमटीत दाबला. तो मऊ होता. दाबला की दबायचा, सोडला की पूर्ववत व्हायचा. रबरी चेंडू होता तो. रबर फाटतं, झिजतं, कुरतडलं जातं. काचेसारखं फुटत नाही.

घरात तथागतांची तसबीर आणि बाबासाहेबांची पुस्तकं, भुताखेतांचं नाव काढलं तरी वडील हसायचे, अशा घरात ती वाढली होती. पण भोवताली एवढे डोळे आपल्याकडं बघत असताना हातात फुटलेलं रबर धरून उभं राहणं वेगळंच. तिनं तुकडा जागेवर ठेवला आणि घाईनंच पायऱ्या चढली.

अंगणात जेनिफर बोकडाला भाकरीचा तुकडा चारत होती. यशोधरा तिच्याजवळ जाऊन खाली बसली. काही विचारलं नाही. बोकडाला गवतापेक्षा भाकरी का आवडते, त्याच्या पोटात चार कप्पे कसे असतात, असं काहीबाही सांगत राहिली. पोरगी ऐकत होती. कधीतरी तिनं बोकडाच्या मानेत तोंड खुपसलं आणि तिथूनच, घोगऱ्या कुजबुजत्या आवाजात म्हणाली,

"दीपाताईनं लावली कडी. मला म्हणाली, आता त्यांना कळेल."

४

दीपा पारनेरची. शाळामास्तरांची मुलगी, वय सत्तावीस, आयुष्यातला पहिला सिनेमा. यशोधरानं समोर बसवून विचारलं तेव्हा तिनं क्षणभरही आढेवेढे घेतले नाहीत. उलट कुणीतरी विचारलं याचंच तिला हलकं वाटल्यासारखं दिसलं.

परवा ती ओसरीवरच होती. आत पोर किंचाळत होती आणि राधाकृष्ण दाराला पाठ लावून, ओठांवर बोट ठेवून हसत उभा होता. तिनं दोनदा कडीकडं हात नेला आणि दोनदा मागं घेतला. आज तो म्हणाला, मी आत जाऊन पोरीच्या जागी झोपून बघतो, दृश्य कसं दिसतं ते. दार ओढून घे, बाहेरचा उजेड नको. तिनं दार ओढलं. मग कडी लावली. पाच-दहा मिनिटं राहू दे, ओरडू दे, असं तिच्या मनात होतं. जेनिफर समोर होती, तिला तसं सांगितलंही.

"मी तिथंच पायरीवर बसले होते, मॅडम. हललेसुद्धा नाही. तो ओरडेल म्हणून वाट बघत होते. तो ओरडलाच नाही. मग मला भीती वाटायला लागली, की बाहेर आला की मला काढून टाकेल. काढते, काढते म्हणत बसून राहिले. तेवढ्यात बाबा येताना दिसले, तशी मी घाबरून आत पळाले."

तिचे ओठ पांढरे पडले होते. पोलीस आले की आपण होऊन सांगणार, म्हणाली. भीतीनं त्याचं काळीज बंद पडलं असणार आणि ते आपणच केलं.

करण दाराच्या चौकटीला टेकून हे ऐकत होता. सकाळी कडीचा विषय निघाला तेव्हा त्याचा चेहरा कसा उतरला होता, ते यशोधराला आठवलं. बाकी सगळे मृत्यूनं हबकले होते. हा एकटा कडीनं हबकला होता. दोनदा त्यानं विचारलं होतं, कडी होती? नक्की होती?

आता तो वळून निघून गेला.

यशोधराला दीपाचं म्हणणं पटत होतं आणि पटतही नव्हतं. भ्यालेला माणूस बोटांची चौकट धरून शांतपणे पडून राहत नाही. तो दाराकडं धावतो. राधाकृष्णला कडी लागल्याचं कळलंच नव्हतं. तो त्याआधीच, किंवा निदान उठायची गरज वाटायच्या आधीच, गेला होता. मग कशानं?

विझलेला कंदील. गार पडलेलं अंग. म्हाताऱ्याच्या पायांना लागलेला गारवा. तिची स्वतःची चक्कर, जी खाली वाकल्यावर आली आणि उभी राहिल्यावर गेली. फुटलेलं रबर.

ती उठली आणि बंगल्याला वळसा घालून मागं गेली. झरोका बाहेरून छातीच्या उंचीवर होता, आणि त्याची काच बाजूला सरकवलेली होती. त्याखाली गुडघाभर हिरवंगार गवत माजलं होतं. फक्त एका ठिकाणी, घागर ओतावी तेवढ्या जागेत, ते काळं पडून लोळागोळा झालं होतं. कडाक्याच्या थंडीत हरभरा करपतो तसं. ऑक्टोबरच्या उन्हात घामाच्या धारा लागल्या होत्या आणि इथं गवत थंडीनं करपलं होतं.

तिथून दहा हातांवर तिची जीप उभी होती. तिनं मागचं फडकं उचललं. मोठा कॅन जागेवर होता, झाकणही लावलेलं. तिनं तो उचलायला नेहमीसारखा जोर लावला आणि तोल जाऊन मागं कलली.

कॅन हलका झाला होता. आत थेंबही नव्हता.

५

गावोगाव गायी-म्हशींना कृत्रिम रेतन करतात, त्यासाठी लागणाऱ्या बिजाच्या कांड्या अशा कॅनमध्ये द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवतात. नळाच्या पाण्यासारखा दिसणारा, पण इतका थंड द्रव, की फूल त्यात बुडवून आपटलं तर त्याचा भुगा होतो. आणि रबराचा चेंडू काचेसारखा फुटतो. उघड्यावर ओतला तर नुसता पांढराशुभ्र धूर होऊन उडून जातो. पण खोलगट, बंद जागेत तो धूर पाण्यासारखा तळाशी साचतो आणि श्वासाची हवा हुसकून लावतो. वास नाही, ठसका नाही, गुदमरणं नाही. पडलेला माणूस दोन-चार श्वासांत बेशुद्ध होतो, आणि आपल्याला काही होतंय हेही त्याला कळत नाही.

हे सगळं यशोधराला चांगलं ठाऊक होतं. आणि या टेकाडावर ते ठाऊक असलेला आणखी एकच माणूस होता, कारण तिनंच ते त्याला सांगितलं होतं.

दिवस कलायला लागला होता. तिनं सगळ्यांना ओसरीवर बोलावलं. जेनिफरला लंकाबाईंपाशी ठेवलं. करण शेवटी आला आणि खांबाला टेकून उभा राहिला.

"दीपा," यशोधरा म्हणाली, "तुझ्या कडीनं कुणी मेलं नाही."

मग तिनं चेंडूपासून गवतापर्यंत सगळं सांगितलं. झरोक्यातून कुणीतरी तो कॅन ओतला. बहुतेक आतल्या ट्रेमध्ये. राधाकृष्ण खाली पडून दृश्य बघत होता. दृश्यासाठी त्याला धूर हवाच होता, हे नाश्त्याला सगळ्यांनी ऐकलं होतं, म्हणून धूर आल्यावर तो घाबरला नाही, खूशच झाला असेल. कडी असो वा नसो, त्याच्या हातून दार उघडलंच गेलं नसतं.

"हे करणाऱ्याला कडी मुळीच नको होती," ती पुढं म्हणाली. "कडी नसती तर दार ढकलून आपण आत गेलो असतो. अंगावर जखम नाही, विष नाही, हार्टफेल म्हणून मोकळे झालो असतो. कडीनंच त्याचा बेत बिघडवला. म्हणजे कडी लावणारा आणि कॅन ओतणारा हे दोन वेगळे हात आहेत, आणि त्यांना एकमेकांचा पत्ता नव्हता."

पीटरबाबांनी मान वर केली. तिनं त्यांच्याकडं पाहिलं. राग सर्वांत जास्त त्यांनाच होता. पण त्यांनी दार उघडलं तेव्हा नात त्यांच्या पाठीशी होती. आतली हवा मारक आहे हे ठाऊक असणारा आजा नातीला त्या उंबऱ्याशी उभी करणार नाही. लंकाबाई तिच्या डोळ्यांसमोर होत्या. दीपा पायरीवरून हलली नव्हती, हे जेनिफरनंही सांगितलं होतं.

"करण, हाताला काय झालं म्हणालास?"

"लाईटला भाजला."

"तुमचे सगळे दिवे एलईडीचे आहेत. कोठीतला दिवा सकाळपासून चालू होता. मी तो उघड्या हातानं वळवला, गारच होता. रुमाल सोड."

त्यानं रुमाल सोडला. तळवा लाल नव्हता. पांढरट, मेणासारखा झाला होता आणि बोटांच्या मुळाशी फोड धरायला लागले होते. यशोधरानं असा हात पूर्वी पाहिला होता, कॅन भरताना हातमोजा भिजलेल्या एका पोराचा. ही भाजल्याची नाही, गोठल्याची खूण.

"सकाळी तू मला विचारलंस, या कॅनमधून धूर कसला येतो," ती म्हणाली. "मी तुला सांगितलं. काय काळजी घ्यायची तेही सांगितलं. बंद खोलीत उघडायचा नाही, म्हणाले. का उघडायचा नाही, तेही सांगितलं."

करण हाताकडं बघत राहिला. मग दीपासमोर येऊन खाली बसला आणि तिला म्हणाला, "तू कडी लावलीस हे मला खरंच माहीत नव्हतं. तुझ्यावर येऊ देणार नव्हतो. मघाशी गेलो, ते पोलिसांना फोन करायला. रेंज मिळेना."

६

मग तो बोलत राहिला आणि कुणी त्याला अडवलं नाही.

नगरला राधाकृष्ण मुलांची नाट्यशिबिरं घ्यायचा. करण आठ वर्षांचा असताना त्याला एका नाटकात रडायचं होतं आणि रडू येत नव्हतं. राधाकृष्णनं त्याला कपड्यांच्या पेटाऱ्यात घातलं आणि वर बसून राहिला. नाटकात करण असा रडला, की थिएटर रडलं. बक्षीस मिळालं, वडिलांनी पेढे वाटले. त्यानंतर दर प्रयोगाआधी पेटारा. घरी सांगितलं तर वडील म्हणाले, गुरू आहेत ते, त्यांच्यामुळं नाव झालं. मोठा झाल्यावर राधाकृष्णनंच त्याच्या हातात कॅमेरा दिला, कामं दिली, राहायला खोली दिली. सोडून जायचं तो दरवर्षी ठरवायचा.

"त्यानं मला पेटाऱ्यात कोंडलं," करण म्हणाला, "आणि मी तेच घर समजून राहिलो. पंचवीस वर्षं."

परवा आत जेनिफर किंचाळत होती, तेव्हा कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर तिला बघत होता तो करणच. बटणावर बोट होतं. बंद केलं असतं तर चित्रण थांबलं असतं आणि दार उघडलं असतं. बोट हललं नाही. पोरीचा आवाज गेला तो त्यानं कानांना हेडफोन लावून ऐकला. आज नाश्त्याला पुन्हा तेच करायचं ठरलं. पीटरबाबा नातीला घेऊन नदीवर गेले आणि परत आले, ते त्यानं गच्चीवरून पाहिलं. पोरीला बाहेर न्यायला वाट नाही, हे त्याला तेव्हा कळलं. धुराचं यंत्र पलीकडं राहुरीत अडकलं होतं आणि राधाकृष्ण धूर हवा म्हणून हटून बसला होता. करण त्याला म्हणाला, धुराची सोय झालीय, तुम्ही आत झोपून बघा, मी झरोक्यातून सोडतो.

"तू सरळ नाही म्हणायचं होतंस," यशोधरा म्हणाली. "आम्ही सगळ्यांनीच म्हणायला हवं होतं. पाच माणसं होतो आपण आणि तो एकटा होता."

"हो," करण म्हणाला. "मला ते सुचलंच नाही. त्याला नाही म्हणता येतं, हे मला कधी सुचलंच नाही."

लंकाबाईंनी आतून चहा आणला. पहिला कप त्यांनी करणपुढं ठेवला. त्याला उजव्या हातानं धरता येईना, तेव्हा पीटरबाबांनी कप उचलून त्याच्या डाव्या हातात दिला. दोघं एकमेकांकडं बघत नव्हते. म्हातारा शेवटी म्हणाला, "माझ्या मनात सुदीक तेच आलं हुतं, पोरा. पर ते बरं न्हवं."

यशोधरानं त्याच्या हाताला मलम लावून स्वच्छ पट्टी बांधली. रात्रभर कुणी झोपलं नाही, आणि कुणी पळायचा विचारही केला नाही. नदीचा आवाज चारी बाजूंनी येत होता.

७

सकाळी पाणी ओसरलं. पुलाचे दगड काळे, चिखलानं माखलेले वर आले आणि त्यांच्यावरून अजून घोटाभर पाणी वाहत होतं. पलीकडं पोलिसांची गाडी उभी होती. तिच्या मागं युनिटची माणसं, आणि एका बाजूला रात्रीच पुण्याहून निघालेले जेनिफरचे आईबाप.

यशोधरानं निरीक्षकांना सगळं सांगितलं. कॅन आपला होता, तो उघड्या जीपमध्ये ठेवला, धोका आपणच समजावून सांगितला, हेही लिहून घ्यायला लावलं. लपवलेल्या कॅमेऱ्यातलं परवाचं चित्रण त्यांच्या ताब्यात दिलं. राधाकृष्णनं काय केलं ते त्यात होतं. दीपाचा जबाब झाला. निरीक्षकांनी तिला पुन्हा बोलावू म्हटलं, पण आज घरी जा, म्हणाले. तेव्हा कुठं ती रडली. कालपासून तिच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं.

करणला दोन शिपाई पुलावरून नेणार होते. पुलाच्या तोंडाशी तो थांबला आणि म्हणाला, आधी पोरीला जाऊ द्या. शिपायांनी साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी मान डोलावली.

पीटरबाबांनी जेनिफरचा हात धरला होता. हळू, दगड निसरडं झाल्यात, असं ते तिला बजावत होते. निम्म्या पुलावर तिनं पलीकडची आई ओळखली. हात हिसडून ती सुटली. पाणी उडवत, घसरत, सावरत धावत सुटली, आणि धावता धावता ओरडली, "आई!" काठावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, पुन्हा पुन्हा. म्हातारा मधेच थांबला आणि दोन्ही हातांनी डोळे पुसायला लागला.

यशोधरा करणच्या बाजूलाच उभी होती. हा माणूस जन्मभर तुरुंगात राहील, आणि ते चुकीचं नाही, हे तिला कळत होतं. तरी त्याच्यापासून दूर सरकावं असं तिला वाटलं नाही.

करण त्या हाका कान देऊन ऐकत होता. त्या थांबल्या, पोरगी आईच्या कुशीत शिरली, तेव्हा तो शिपायांना म्हणाला, "चला." आणि पाण्यात पाय टाकून त्यांच्या पुढं चालू लागला.